मूत्रपिंडातील निरुपद्रवी गाठ आणि मूत्रपिंड वाचवणारा उपचार

पित्ताशयातील खडे, पोटदुखी किंवा नोकरीपूर्वीची आरोग्य तपासणी अशा भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी करावी आणि तीत मूत्रपिंडावर गाठ दिसावी, हा अनुभव आता विरळा राहिलेला नाही. सोनोग्राफी यंत्रे तालुक्याच्या गावी पोहोचल्यापासून, एरवी आयुष्यभर कुणाच्या ध्यानातही आल्या नसत्या अशा कितीतरी गाठी कागदावर येऊ लागल्या आहेत. अहवालातील तो एक शब्द वाचताच रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या मनात कर्करोगाखेरीज दुसरा विचार येत नाही. ही भीती निराधार नाही. मूत्रपिंडातील भरीव गाठींपैकी बहुसंख्य गाठी कर्करोगाच्याच असतात. मात्र चार सेंटिमीटरपर्यंतच्या लहान गाठी शस्त्रक्रियेने काढून प्रयोगशाळेत तपासल्या असता, साधारण पाचांत एक गाठ कर्करोगाची नव्हती असे निष्पन्न होते. तोवर मूत्रपिंडाचा काही भाग, प्रसंगी संपूर्ण मूत्रपिंड, शरीराबाहेर गेलेले असते.

कर्करोग नसलेल्या या गाठींमध्ये सर्वाधिक आढळणारी भरीव गाठ म्हणजे अँजिओमायोलिपोमा. तिची रचना तिच्या ग्रीक नावातच सांगितलेली आहे. 'अँजिओ' म्हणजे रक्तवाहिनी, 'मायो' म्हणजे स्नायू आणि 'लिपोमा' म्हणजे चरबीची गाठ. या तीन प्रकारच्या ऊती एकमेकींत मिसळून ही गाठ बनते. तिच्या नेहमीच्या स्वरूपात ती शरीरात अन्यत्र पसरत नाही. बहुतेक रुग्णांत ती अनेक वर्षे लहानच राहते आणि कोणताही त्रास देत नाही. या गाठीवर उपचार करण्याचे कारण कर्करोग नसून रक्तस्राव हे आहे. उपचाराचे पुढचे सगळे निर्णय, तो करायचा की नाही इथपासून कसा करायचा इथपर्यंत, या एका गोष्टीवर अवलंबून असतात.

निरोगी धमनीच्या भिंतीत लवचीक तंतूंचा एक थर असतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी धमनी किंचित ताणली जाते आणि पूर्ववत होते, ते या थरामुळे. अँजिओमायोलिपोमातील रक्तवाहिन्यांत हा थर अपुरा असतो किंवा मुळीच नसतो. त्यांच्या भिंती जाड दिसल्या तरी ठिसूळ असतात. रक्ताच्या दाबाने त्या जागोजाग फुगतात. अशा फुगवट्याला वैद्यकीय परिभाषेत 'अ‍ॅन्युरिझम' म्हणतात. तो वाढत जाऊन फुटला, तर रक्त मूत्रपिंडाभोवतीच्या पोकळीत साचू लागते. ही पोकळी उदराच्या मागच्या बाजूला असल्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. लघवीतून रक्त जाईलच असेही नाही. कुशीत अचानक उठलेली तीव्र कळ, पोटाच्या एका बाजूला हाताला लागणारा फुगारा, आणि रक्तदाब झपाट्याने उतरल्यामुळे येणारी भोवळ, थंडगार घाम व वाढलेली नाडी ही त्याची लक्षणे होत. कोणताही मार न लागता मूत्रपिंडाभोवती होणाऱ्या अशा रक्तस्रावाचे वर्णन जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिख यांनी १८५६ मध्ये केले आणि ती अवस्था आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ज्वरमापनाला वैद्यकात प्रतिष्ठा मिळवून देणारे वुंडरलिख ते हेच.

या गाठी पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतात आणि बहुधा चाळिशी-पन्नाशीत लक्षात येतात. गर्भारपणात त्या वाढण्याची व त्यांतून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे मोठी गाठ असलेल्या आणि अपत्याचा विचार करणाऱ्या स्त्रीला बहुतेक तज्ज्ञ गर्भधारणेपूर्वीच उपचाराचा सल्ला देतात. सुमारे ८० टक्के रुग्णांत ही गाठ कोणत्याही आनुवंशिक कारणाशिवाय झालेली, एकटी आणि एकाच मूत्रपिंडात असते. उरलेल्यांत ती 'ट्यूबरस स्क्लेरोसिस' या जनुकीय विकाराचा भाग असते. त्यांचा प्रश्न निराळा असल्याने तो पुढे येईल.

चार सेंटिमीटरचा दंडक

कोणत्या गाठीला हात लावायचा आणि कोणती नुसती पाहत राहायची, यासाठी गेली कित्येक वर्षे एक आकडा प्रमाण मानला जातो तो म्हणजे चार सेंटिमीटर. १९८०च्या दशकात रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या, तेव्हा त्याहून मोठ्या गाठींमध्ये लक्षणे व रक्तस्राव अधिक दिसून आले आणि हा आकडा रूढ झाला. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी त्यात महत्त्वाची भर घातली. गाठीच्या एकूण आकारापेक्षा तिच्यातील फुगवट्याचा आकार रक्तस्रावाचे भाकीत अधिक नेमकेपणाने करतो आणि पाच मिलिमीटर किंवा त्याहून मोठा फुगवटा धोक्याचा समजावा, असे त्यांनी दाखवले. हा निष्कर्ष तर्काला धरूनच होता, कारण फुटते ती रक्तवाहिनी. गाठीतील चरबी फुटत नाही. सहा सेंटिमीटरची, पण जवळजवळ सगळी चरबीचीच असलेली गाठ वर्षानुवर्षे शांत राहू शकते, आणि तिच्याहून लहान पण रक्तवाहिन्यांनी गजबजलेली गाठ घात करू शकते.

अलीकडे मोठ्या संख्येने रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाल्यानंतर, चार सेंटिमीटरहून मोठ्या अनेक गाठीही काहीच करत नाहीत, असे दिसून आले आहे. म्हणून केवळ हा आकडा ओलांडला म्हणून उपचार करण्याचा आग्रह आता सैल झाला आहे. गाठ किती वेगाने वाढते, तिच्यात फुगवटा आहे का, रुग्ण स्त्री असल्यास तिचे वय आणि अपत्याचा विचार काय, रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेतो का, आणि रक्तस्राव झालाच तर तो तासा-दोन तासांत मोठ्या रुग्णालयात पोहोचू शकेल का, या सर्वांचा एकत्र विचार करावा लागतो. यातील शेवटचा प्रश्न पाठ्यपुस्तकांत दुय्यम वाटला तरी आपल्या देशात तो दुय्यम नाही. पुण्यात राहणाऱ्या आणि गडचिरोलीच्या आतल्या भागात राहणाऱ्या रुग्णासाठी एकाच गाठीचा निर्णय वेगळा ठरू शकतो.

चरबीची साक्ष

या गाठीच्या बाबतीत निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. तिच्यातील चरबी प्रतिमेत ओळखता येते. सोनोग्राफीत ती लख्ख पांढरी दिसते. मात्र काही लहान कर्करोगही तसेच दिसू शकतात, म्हणून केवळ सोनोग्राफीवर विसंबून चालत नाही. सीटी स्कॅनमध्ये शरीरातील प्रत्येक बिंदूच्या घनतेला एक आकडा मिळतो. या मोजपट्टीला सीटी स्कॅनचे एक जनक आणि १९७९ च्या नोबेल पुरस्काराचे मानकरी गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांचे नाव दिले आहे. या पट्टीवर पाणी शून्यावर आणि हवा उणे हजारावर असते, तर चरबी शून्याच्या खाली ऋण आकड्यांत येते. मूत्रपिंडातील गाठीत असा ऋण आकडा देणारा भाग निर्विवाद सापडला, तर निदान जवळजवळ निश्चित होते आणि बहुधा तुकडा काढून तपासण्याचीही गरज उरत नाही.

मात्र थोड्या गाठींत चरबी इतकी कमी असते, की ती सीटी स्कॅनमध्ये सापडत नाही. अशी गाठ कर्करोगासारखीच दिसते आणि गफलत होते ती बहुधा इथे. एमआरआयने काही उलगडा होतो. तरीही शंका उरल्यास सीटी किंवा सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासता येतो. पूर्वी मूत्रपिंडाच्या गाठीत सुई घालण्यास डॉक्टर कचरत असत. आता ही तपासणी पुरेशी सुरक्षित मानली जाते आणि तिच्यामुळे अनावश्यक शस्त्रक्रिया टळू शकते. ऑन्कोसायटोमा या दुसऱ्या निरुपद्रवी गाठीच्या बाबतीत तर प्रतिमांवरून कर्करोगापासून फरक करणे बहुधा शक्यच होत नाही. तिथे सुईची तपासणी, आणि तीही कधी अनिर्णित, एवढाच आधार असतो. मूत्रपिंडातील साधी पाण्याची गाठ मात्र या चर्चेत येत नाही. ती वयोमानाने अनेकांना होते, तिच्यात फक्त द्रव असतो आणि बहुतेकदा तिला काहीच करावे लागत नाही.

मूत्रपिंडाची रचना आणि उपचाराचे तत्त्व

फार पूर्वीची गोष्ट नाही, अशा गाठीतून रक्तस्राव झालेला रुग्ण आला की शल्यविशारदासमोर प्राण वाचवण्याचा एकच खात्रीचा मार्ग असे, तो म्हणजे संपूर्ण मूत्रपिंड काढून टाकणे. आजही काही प्रसंगी तो पत्करावा लागतो. एका मूत्रपिंडावर माणूस जगू शकतो, हे खरे. पण पंचेचाळिसाव्या वर्षी एक मूत्रपिंड गमावलेल्या व्यक्तीला पुढे मधुमेह किंवा उच्च रक्तदाब जडला, तर उरलेल्या मूत्रपिंडावर दोघांचे ओझे पडते. हे दोन्ही विकार भारतात किती पसरले आहेत, हे वेगळे सांगायला नको. मूत्रपिंड काढलेल्यांत पुढील आयुष्यात मूत्रपिंडविकाराचे प्रमाण अधिक असते. कर्करोग नसलेल्या गाठीसाठी ही किंमत फार मोठी आहे.

तिला पर्याय सापडला तो मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्याच्या रचनेतून. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. तरी हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या सुमारे पाच लिटर रक्तापैकी पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक रक्त त्यांच्याकडे जाते. हे रक्त महाधमनीतून निघणाऱ्या मूत्रपिंड-धमनीवाटे येते आणि आत ती धमनी झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत जाते. या फांद्या पुढे एकमेकींना जोडलेल्या नसतात. आतड्यात एक वाहिनी बंद झाली तर शेजारची मदतीला येते. मूत्रपिंडात तसे होत नाही. एक फांदी बंद केली, की नेमका तिच्यावर पोसलेला भागच रक्ताला मुकतो आणि शेजारचा भाग जसाच्या तसा राहतो.

एरवी हा मूत्रपिंडाचा कच्चा दुवा ठरतो. उपचारासाठी मात्र तोच उपयोगी पडतो. गाठीला रक्त पुरवणारी फांदी शोधून तेवढीच बंद केली, तर गाठीचा रक्तपुरवठा तुटतो, फुटण्याजोगे फुगवटे भरून जातात आणि निरोगी मूत्रपिंड कामाला लागलेले राहते. या उपचाराला एम्बोलायझेशन म्हणतात. मराठीत त्याला धमनीरोधन म्हणता येईल. तो करणारे तज्ज्ञ इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट असतात. क्ष-किरणांच्या चित्रावर नजर ठेवून शरीराच्या आत उपचार करणारी ही वैद्यकाची शाखा आहे. तिचा पाया १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी घातला. त्यांनी शोधलेली युक्ती थक्क करण्याइतकी साधी आहे. सुई धमनीत घालायची, सुईतून बारीक लवचीक तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि मागे राहिलेल्या तारेवरून नळी आत ओवायची. कापणे नाही, शिवणे नाही. त्याआधी धमनीत जाड नळी घालायची तर त्वचा कापून धमनी उघडी करावी लागे. अमेरिकेतील चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये या वाटेने पायातील अरुंद झालेली धमनी रुंद करून दाखवली आणि निदानाची वाट उपचाराचीही झाली. १९७०च्या दशकात ती मूत्रपिंडापर्यंत पोहोचली.

प्रत्यक्ष उपचार

उपचारापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन, रक्त गोठण्याची क्षमता आणि हिमोग्लोबिन तपासले जाते. रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस थांबवावी लागतात. धमन्या दिसाव्यात म्हणून आयोडीनयुक्त द्रव टोचला जातो. त्याची पूर्वी अ‍ॅलर्जी झाली असल्यास ते आधी सांगणे अत्यावश्यक असते. ज्यांची मूत्रपिंडे आधीच अशक्त आहेत त्यांच्यात हा द्रव बेताने वापरतात आणि शिरेतून सलाईन देऊन काळजी घेतात.

बहुतेक रुग्णांना पूर्ण भूल द्यावी लागत नाही. जांघेतील किंवा मनगटातील धमनीजवळची जागा बधिर केली जाते आणि सेल्डिंगर यांच्या पद्धतीने दीड-दोन मिलिमीटर जाडीची नळी, म्हणजे कॅथेटर, आत घातली जाते. या नळ्यांची जाडी 'फ्रेंच' नावाच्या एककात मोजतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये वैद्यकीय उपकरणे बनवणारे शारिएर यांनी ही मोजणी रूढ केली. नळी महाधमनीतून मूत्रपिंड-धमनीच्या तोंडाशी नेली जाते. प्रत्येक मूत्रपिंडाला एकच धमनी असते, असे गृहीत धरता येत नाही. सुमारे पाव लोकांत एखादी जादा धमनी असते. गाठ जर त्या जादा धमनीवर पोसत असेल आणि ती नजरेतून सुटली, तर उपचार अपुरा राहतो.

यानंतरचे चित्र पाहण्यासारखे असते. यंत्र आधी पोटाचे साधे चित्र घेते, मग द्रव टोचल्यावर दुसरे. संगणक दुसऱ्या चित्रातून पहिले वजा करतो. हाडे, आतडी, वायू सगळे पुसले जाते आणि पडद्यावर फक्त धमन्यांचे झाड उरते. त्यात निरोगी फांद्या टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या दिसतात. गाठीतील वाहिन्या मात्र वेड्यावाकड्या, गुंतलेल्या आणि मधूनमधून मण्यांसारख्या फुगलेल्या असतात. मग पहिल्या नळीतून एक मिलिमीटरहूनही बारीक अशी दुसरी नळी नेमक्या त्या फांदीत नेली जाते. उपचाराचे कौशल्य आणि त्याला लागणारा वेळ इथेच खर्च होतो. एक फाटा अलीकडे थांबले, तर निरोगी मूत्रपिंडाचा तुकडा विनाकारण जातो.

धमनी बंद करण्यासाठी निरनिराळे पदार्थ वापरले जातात. शुद्ध अल्कोहोल धमनीचे अस्तर जाळून तिला कायमचे बंद करते. ते प्रभावी आहे, मात्र ते थोडेही उलट वाहून निरोगी फांदीत गेले तर तिचेही तेच होते. मिलिमीटरच्या काही दशांश आकाराचे सूक्ष्म कण रक्ताबरोबर वाहत जाऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. गाठीत धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या वाटा असतील, तर फार बारीक कण त्यांतून निसटून फुप्फुसात जाऊ शकतात. म्हणून कणांचा आकार चित्र पाहूनच ठरवावा लागतो. मोठा फुगवटा भरण्यासाठी धातूच्या तारेची वेटोळी उपयोगी पडतात. मात्र मुख्य फांदीच्या तोंडाशी नुसती वेटोळी बसवून थांबणे शहाणपणाचे नसते. गाठ आजूबाजूने नवे रक्त मिळवते आणि पुन्हा उपचाराची वेळ आल्यास आत शिरण्याची वाटच बुजलेली असते. टोचलेला द्रव त्या फांदीत पुढे न सरकता जागीच थबकला, की काम झाले असे समजतात. नळी काढून छिद्र काही मिनिटे दाबून धरले जाते. जांघेतून उपचार झाला असेल तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. सगळे सुरळीत असल्यास रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो.

त्यानंतरचे काही दिवस मात्र सुखाचे जातीलच असे नाही. रक्त तुटलेली ऊती मरते तेव्हा शरीर त्याची दखल घेते. ताप, कुशीत दुखणे, मळमळ असा त्रास सुमारे एक तृतीयांश रुग्णांना होतो. तो जंतुसंसर्ग नसतो आणि साध्या औषधांनी आठवडाभरात ओसरतो. याची कल्पना आधी दिलेली नसेल, तर उपचार फसला या भीतीने रुग्ण हवालदिल होतो. क्वचित मृत भागात पू होणे, निरोगी भागाला इजा होणे किंवा छिद्राच्या जागी रक्त साचणे अशा गुंतागुंती होतात. आठवडा उलटल्यावरही वाढता ताप असेल, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे जायला हवे.

काय साधते, काय साधत नाही

या उपचाराने गाठ नाहीशी होत नाही, हे आरंभीच समजून घ्यायला हवे. तिच्यातील रक्तवाहिन्या आणि स्नायू आक्रसतात, चरबी बरीचशी तशीच राहते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाचशेहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली होती. त्यात दहापैकी नऊहून अधिक जणांत धमनीरोधन तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झाले होते, गाठीचा व्यास सरासरी एक तृतीयांशाहून अधिक घटला होता आणि उपचारामुळे एकही मृत्यू ओढवला नव्हता. मात्र पाचांतील सुमारे एका रुग्णाला पुढे कधीतरी पुन्हा धमनीरोधन किंवा शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे 'एकदा केले आणि विसरलो' असा हा उपचार नाही. साधारण तीन ते सहा महिन्यांनी आणि त्यानंतरही ठरावीक काळाने प्रतिमा तपासणी करावीच लागते. उपचारानंतर छान वाटू लागलेला रुग्ण बरेचदा नेमकी हीच गोष्ट टाळतो.

शस्त्रक्रिया यामुळे कालबाह्य झालेली नाही. निदानाविषयी शंका असेल, गाठ मूत्रपिंडाच्या कडेला सोयीच्या जागी असेल किंवा वारंवार उपचार करूनही वाढत असेल, तर केवळ गाठ काढून बाकीचे मूत्रपिंड राखणारी शस्त्रक्रिया अधिक टिकाऊ ठरते. आता ती दुर्बिणीने किंवा रोबोटच्या साहाय्यानेही होते. लहान गाठींसाठी आणखी एक प्रतिमा-मार्गदर्शित मार्ग आहे. सीटी स्कॅनच्या मदतीने त्वचेतून थेट गाठीत सुई घालून तिला उष्णतेने जाळणे किंवा अतिशीत करून गोठवणे, असा तो मार्ग. गोठवताना बर्फाचा गोळा सीटीवर वाढताना दिसतो आणि नेमके कुठे थांबायचे ते कळते, हा त्याचा मोठा गुण. मोठ्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठींसाठी मात्र तो एकटा पुरत नाही.

रक्तस्राव होऊन खालावलेल्या अवस्थेत आलेल्या रुग्णाच्या बाबतीत धमनीरोधनाची उपयुक्तता सर्वांत स्पष्ट दिसते. रक्त चढवत असतानाच नळी आत घालून फुटलेली वाहिनी बंद करता येते. अट एकच, ती करणारी यंत्रणा रात्री-अपरात्री उपलब्ध हवी. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, मुंबईचे केईएम रुग्णालय अशा ठिकाणी या शाखेचे तज्ज्ञ काम करतात आणि मोठ्या शहरांतील अनेक खासगी रुग्णालयांतही ही सोय आहे. जिल्हा पातळीवर ती क्वचितच आढळते. हृदयाच्या अँजिओप्लास्टीसाठी बसवलेली कॅथलॅब अनेक जिल्ह्यांत आहे, पण त्याच यंत्रावर मूत्रपिंडाची धमनी बंद करू शकणारा तज्ज्ञ तिथे असेलच असे नाही. यंत्रापेक्षा माणसांची टंचाई अधिक आहे. त्यामुळे मोठी गाठ असल्याचे ठाऊक असलेल्या रुग्णाने जवळात जवळ ही सोय कुठे आहे याची चौकशी आधीच करून ठेवावी, आपले सीटी स्कॅनचे अहवाल हाताशी ठेवावेत आणि ही बाब घरच्यांनाही सांगून ठेवावी, असा व्यवहार्य सल्ला तज्ज्ञ देतात. मूत्रपिंड काढण्याचा सल्ला मिळाला असेल आणि रुग्णाच्या जिवाला तातडीचा धोका नसेल, तर गाठीत चरबी दिसली का, सुईची तपासणी का नको आणि धमनीरोधन शक्य आहे का, हे प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

अनेक गाठींचे रुग्ण

ट्यूबरस स्क्लेरोसिस हा विकार साधारण सहा हजार जन्मांमागे एका बालकात आढळतो. अंगावर पानाच्या आकाराचे फिकट डाग, लहानपणी येणाऱ्या आकड्या, पुढे नाक व गालांवर तारुण्यपीटिका समजल्या जाणाऱ्या लालसर पुळ्या, ही त्याची ओळखीची चिन्हे. या रुग्णांपैकी बहुतेकांच्या दोन्ही मूत्रपिंडांत अशा गाठी होतात, त्या अनेक असतात, तरुणपणीच वाढतात आणि त्यांतून रक्तस्रावही अधिक होतो. इथे एक मूत्रपिंड काढून प्रश्न सुटत नाही, कारण दुसऱ्यातही तेच घडत असते. प्रत्येक गाठीचे धमनीरोधन करत गेले, तर दरवेळी निरोगी भागाचा थोडा अंश गमवावा लागतो.

या रुग्णांना मदत मिळाली ती फार दूरच्या मातीतून. १९६४ मध्ये कॅनडाच्या एका वैद्यकीय मोहिमेने प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरून, म्हणजे स्थानिक भाषेतील रापा नुईवरून, मातीचे नमुने आणले. मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत त्या मातीतील एका जिवाणूपासून नवे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते काम ज्यांच्या पुढाकाराने झाले ते डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल अविभक्त पंजाबात जन्मलेले आणि बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेले. बेटावरून त्या द्रव्याला रापामायसिन हे नाव मिळाले. प्रयोगशाळा बंद झाल्यावर कंपनीने या संशोधनात रस घेणे सोडले, तेव्हा सेहगल यांनी तो जिवाणू आपल्या घरच्या शीतकपाटात जपून ठेवला, असे सांगितले जाते. पुढे ते औषध मूत्रपिंड प्रत्यारोपणात मान्यता पावले. नंतर लक्षात आले, की ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये बिघडलेली दोन जनुके पेशींच्या वाढीच्या ज्या यंत्रणेला लगाम घालतात, तीच यंत्रणा हे औषध रोखते.

त्याच कुळातील एव्हरोलिमस या औषधाची चाचणी २०१३ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ११८ रुग्णांपैकी ज्यांना औषध दिले त्यांच्यातील ४२ टक्के रुग्णांत गाठींचे एकूण आकारमान निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले. औषधाऐवजी निव्वळ गोळी दिलेल्यांत असे एकाचेही झाले नाही. म्हणून या विकारातील तीन सेंटिमीटरहून मोठ्या, वाढत असलेल्या पण त्रास न देणाऱ्या गाठींसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट आता आधी औषध सुचवतो, आणि रक्तस्राव सुरू असल्यास धमनीरोधन. मूत्रपिंड काढणे शक्यतो टाळावे, असेही तो स्पष्टपणे सांगतो. औषधालाही मर्यादा आहेत. तोंड येते, जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, रक्तातील चरबी वाढते, आणि औषध थांबवले की गाठी पुन्हा वाढू लागतात. त्यामुळे या रुग्णांना, औषध चालू असो वा नसो, गाठ बंद केलेली असो वा नसो, दर एक ते तीन वर्षांनी पोटाचा एमआरआय आणि वर्षातून किमान एकदा रक्तदाबाची व मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी आयुष्यभर करावी लागते.